१ एप्रिल २००१ ला आपलं घर कसं होतं?

रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत वाढलेल्या आमच्या पिढीने आपल्या घराची किंमत रुपयांत कधी ऐकली नव्हती. विकायचंच नाही तर किंमत काढायची कशाला, असा मोठ्यांचा सरळ हिशेब. पाहुण्यांना घराची थोरवी सांगायची ती वेगळ्या मापाने. विहिरीचं पाणी वैशाखातही आटत नाही. मुलांना सप्रे शाळेत पायी जाता येतं. गणपतीत देवळातली आरती ओसरीवर बसून ऐकू येते. रात्री-अपरात्री नागपूरच्या गाडीने उतरलेल्या नातेवाइकाला फाटक वाजवायला संकोच वाटत नाही.

आज त्याच घराचा आकडा फोनवर मिळतो. मोहल्ला लिहायचा, चौरस फूट लिहायचे, खोल्या लिहायच्या, झालं. आमच्या वयाच्या बहुतेक घरांत हा आकडा कुणीतरी काढून बसलेलं आहे, आणि तो निघाल्यानंतर भावंडांची आपसातली बोलणी पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. आमच्याही घरात तेच झालं, म्हणून हे लिहिते आहे.

मराठी माणसं इथं येत राहिली ती टप्प्याटप्प्याने. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले तेव्हा काही घराणी आली. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, तरी ती परत गेली नाहीत. पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्या, शाळा आणि न्यायालयं यांच्यामागून वकील, मास्तर, कारकून आले. पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे, सहकाराचं काम करणारे वामनराव लाखे यांच्या नावांची शाळा आणि नगर शहरात आजही आहेत. १९५६ पर्यंत राजधानी नागपूरच होती. त्यामुळे आमच्या आजोबांना आपण परप्रांतात राहतो असं कधी वाटलंच नाही. त्यांनी घर बांधलं ते कायमचं राहायला, पण कागदांच्या बाबतीत मात्र त्या काळच्या सगळ्यांसारखेच बेफिकीर राहिले. पुढची अर्धी जागा मालकीची, मागची नझुलाच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्याची. मधे भिंत नाही, कुंपण नाही. कुठून कुठवर काय, हे फक्त मोठ्या काकांना ठाऊक होतं.

त्या घरातली आम्हा सगळ्या चुलत भावंडांची सर्वांत पक्की आठवण विचाराल तर ती कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरण्याची. मृगाच्या आधी, जेवणं उरकली की दोन गडी छपरावर चढायचे. माकडांनी वर्षभरात फोडलेली, सरकलेली कवेलू काढायची, चांगली निवडायची, पुन्हा ओळीने बसवायची. खाली आम्ही मुलं हातोहात कवेलू पोचवायला रांग लावून उभी. तळहातांना लाल भुकटी लागायची ती दोन दिवस जात नसे. कवेलू उलटं केलं की आत कधी पाल, कधी विंचू, म्हणून माई काकू काठी घेऊन ओसरीवर बसलेली असायची. वरचा गडी बोटाने टिचकी मारून प्रत्येक कवेलूचा आवाज ऐकायचा. बद्द आवाज आला की ते बाजूला. भाजणीत कच्चं राहिलेलं ते, पहिल्या झडीतच पाणी धरणार. कुठली खोली गळते, कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या वाशाला वाळवी लागली, हे त्या दिवशी घरातल्या लहानातल्या लहान मुलालाही कळायचं. आपल्या घराची तब्येत आम्हाला अशी माहीत होती.

शेजारपाजारी कुणाचं घर विकलं गेलं की त्याचे आकडे मात्र आमच्याकडेही यायचे. ओसरीवर चहा व्हायचा आणि पहिला प्रश्न असायचा, रजिस्ट्री केवढ्याची झाली? तो आकडा ऐकून झाला की थोडं थांबून दुसरा प्रश्न, आणि खरे किती? दोन्ही आकडे मोहल्ल्याला माहीत असत. कागदावर मात्र एकच लिहिलेला राही, तोही सरकारी दराला लागून. मुद्रांक शुल्क किमान त्या दरावर लागायचंच, आणि जास्त दाखवलं तर जास्त, त्यामुळे त्याच्यावर एक रुपयाही कुणी दाखवायचा नाही. हा व्यवहार बरा नव्हताच. पण आज फोनवरच्या अंदाजाचं जे काही बिघडतं त्याचं मूळ मला ओसरीवरच्या त्या दुसऱ्या प्रश्नात दिसतं. यंत्राला शिकायला हवे असतात खरे झालेले सौदे. ते ज्या वहीत असायला हवेत त्या वहीत आम्ही, आमच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी ते कधी लिहूच दिले नाहीत.

त्या सरकारी दराचं तरी काय सांगावं? महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्याला इथं गाइडलाइन दर म्हणतात. छत्तीसगढ सरकारने २०१९ मध्ये हे दर सरसकट ३० टक्क्यांनी खाली आणले, आणि १ एप्रिल २०२४ पासून ती सूट काढून घेतली. म्हणजे मधली जवळजवळ पाच वर्षं आमचं घर कागदावर तीस टक्के उतरलेलं होतं आणि एका सकाळी पुन्हा चढलं. या काळात घराची एक वीटही हलली नव्हती. २०२५ च्या नोव्हेंबरात नवे दर आले तेव्हा काही भागांत वाढ इतकी होती की लोक रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबरात सरकारला त्यातले काही नियम मागे घ्यावे लागले. ज्या नोंदींवर अंदाज बांधायचा त्याच अशा वरखाली होत असतील, तर अंदाज स्थिर कुठून असणार?

मग यंत्र काय करतं? संकेतस्थळांवरच्या जाहिरातींकडे वळतं. जाहिरातीत असतो तो मागणीचा भाव. रायपूरमध्ये एकच घर तीन दलाल तीन भावांनी टाकतात, विकलं गेलं तरी जाहिरात काढत नाहीत, आणि गिऱ्हाइकाने पाडून मागावं म्हणून आकडा आधीच फुगवून ठेवतात. हे सगळं आमच्या पिढीला तोंडपाठ आहे, कारण आम्हीही भाव असेच सांगत आणि असेच मागत आलो. फोनवर मात्र तोच फुगवलेला आकडा खाली-वर दोन मर्यादा आणि वळणदार आलेख घेऊन येतो, आणि आम्ही त्याच्यापुढे मान तुकवतो.

आता मी राहते ते नव्या रायपुरात. १ नोव्हेंबर २००० ला राज्य झालं तेव्हा मंत्रालयाला जागा नव्हती. दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत ते थाटलं गेलं, आणि आमच्यासारख्या कितीतरी जणींची नोकरी पूर्वीच्या वॉर्डांतच फायली लावून सुरू झाली. २०१२ मध्ये मंत्रालय इथल्या महानदी भवनात आलं. सकाळी जुन्या शहरातून बसेस भरून यायच्या, संध्याकाळी भरून परत जायच्या, आणि सहानंतर रुंद रस्त्यांवर दिव्यांखाली माणूस दिसत नसे. निवृत्त होण्याच्या सुमारास आम्ही दोघांनी गृहनिर्माण मंडळाचं घर इथं घेतलं. त्या काळी आमच्या ओळीत दिवे लागायचे ते मोजक्या घरांत. पुढची कित्येक घरं कुलपांत, अंगणात गाजरगवत. मंडळाला न विकली गेलेली जुनी घरं पुढे सवलतीत काढावी लागली. ज्या गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, त्यांतल्या २७ गावांचे शेतकरी २०२२ च्या जानेवारीत आपल्या मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी धरण्यावर बसले होते. जमिनीच्या किमतीचा वाद या शहराच्या पायातच आहे.

यंत्राला सोपं घर कुठलं असेल तर ते माझं. एकाच नकाशाची, एकाच मापाची, एकाच साली बांधलेली घरं ओळीने उभी. एक विकलं गेलं की बाकीच्यांचा भाव कळायला हवा. पण एक विकलं जायला तर हवं! ज्या वर्षी आमच्या सेक्टरमध्ये एकाही घराचा सौदा झाल्याचं ऐकलं नाही, त्या वर्षीही फोन माझ्या घराची किंमत महिन्या-महिन्याला थोडी थोडी वाढवून दाखवत होता. ती वाढ कुठून आली असेल, तर कुठल्या तरी विमानतळाजवळच्या नव्या गृहसंकुलाच्या जाहिरातीतून. तात्यापाऱ्यात याच्या अगदी उलट. तिथं शेजारच्या दोन घरांची रुंदी जुळत नाही, एकाच्या वाट्याला गल्ली, दुसऱ्याच्या वाट्याला सडक. त्यातून तात्यापारा चौक ते शारदा चौक रस्ता रुंद करायचा विषय वर्षानुवर्षं चर्चेत. रेघ कुठून जाणार त्यावर एखाद्याचं अर्धं दुकान जायचं, आणि मागे राहणाऱ्याचं घर एका दिवसात सडकेवर यायचं. फोनला यातलं काही ठाऊक नसतं.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी वाटणीचा विषय निघाला. निघाला तो चांगल्या मनानेच. ताई, माझी मोठी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, लग्न केलेलं नाही, आईजवळ शेवटपर्यंत तीच राहिली. तिला घर सोडायचं नव्हतं. नागपूरचा दादा म्हणाला, ताईने घर ठेवावं, आमचे वाटे सवडीने द्यावेत. सगळ्यांनी होकार दिला. मग पुण्याच्या पुतण्याने फोनवर अंदाज काढून कुटुंबाच्या गटावर टाकला. मोहल्ल्यात जे बोललं जात होतं त्याच्या जवळजवळ दीडपट. आकडा बघून सगळे हरखले. अंगठे, फुलं, हात जोडलेली चिन्हं यांची रांग लागली. ताईने काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन करून विचारलं, एवढे मी कुठून आणू गं?

मला या साऱ्या प्रकरणात राहून राहून वाटत आलं ते इथंच. चढा अंदाज सगळ्यांना सुखाचा असतो, फक्त त्या घरात राहणाऱ्याला सोडून. जो दूर आहे त्याचा वाटा बसल्या जागी वाढतो. जो घरात आहे, ज्याने आजारपणं काढली, छप्पर शाकारलं, नगर निगमचा कर भरला, त्याच्यावर मात्र तेवढ्याच पैशांचं ओझं चढतं. गटावर कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण फोनचा आकडा एकदा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला की त्याच्याखाली ठरलेली कुठलीही रक्कम आपण सोडून दिल्यासारखी वाटू लागते. दादासारख्या मायाळू माणसाच्याही बोलण्यात मग आलंच, बाजार तर इतकं म्हणतोय. बाजार काही म्हणत नव्हता. त्या घरासाठी एकही गिऱ्हाईक फाटकाशी आलेलं नव्हतं.

सिएटलला असलेल्या धाकट्या चुलतभावाचा या अंदाजांवर मोठा विश्वास, कारण तिकडे ही पद्धत जुनी. झिलो कंपनीने अमेरिकेतल्या घरांचे अंदाज द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली. तिकडे बऱ्याच राज्यांत घर केवढ्याला विकलं गेलं ते सरकारी दप्तरात उघड असतं, म्हणून अंदाजाला पाया मिळतो. टेक्साससारख्या राज्यात किंमत जाहीर करायची सक्ती नाही, तर तिथं काम लगेच अवघड होतं. आणि पाया असूनही काय होतं पाहा. कंपनीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी २०१६ मध्ये सिएटलमधलंच आपलं घर साडेदहा लाख डॉलरला विकलं, तेव्हा त्यांच्याच कंपनीचा अंदाज साडेसतरा लाखांचा होता. पुढे ही कंपनी स्वतःच घरं विकत घेऊन विकू लागली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मोठा तोटा सोसून, चौथा हिस्सा माणसं कमी करून तिला तो धंदा गुंडाळावा लागला. भाव पुढे कुठे जातील हे पुरेसं नेमकं सांगता येत नाही, असं कंपनीनेच मान्य केलं. भावाला हे मी कळवलं तेव्हा तो म्हणाला, आम्हीही तिकडे घर घेताना माणूस बोलावूनच किंमत करवली होती. मग आपल्या घराला का नको, असं ताईने विचारलं. गटावर तिचं ते पहिलं वाक्य.

नोंदणीकृत मूल्यांकनकार आले ते फीत, कंपास आणि एक जाड वही घेऊन. पहिला अर्धा दिवस त्यांनी घराकडे पाहिलंच नाही, कागद पाहिले. मालकीची जागा किती, पट्ट्याची किती, पट्टा कधी संपतो, नूतनीकरण झालं का, मागच्या खोलीत कुणी भाडेकरू होता का. मग गल्लीची रुंदी मोजली, आणि अग्निशामक गाडी आत येणार नाही अशी नोंद केली. भिंतीवर चावीने हळूच खरवडून आत माती आहे की चुना ते पाहिलं. विहिरीत डोकावले, पाणी आहे हे पाहिलं, आणि विहिरीची वेगळी किंमत धरता येणार नाही असं सांगितलं. त्यांनी काढलेली आजची किंमत फोनच्या आकड्याहून बरीच खाली आली, मोहल्ल्यातल्या बोलण्याच्या थोडी वर. कारणं एकेक करून लिहिलेली होती. कुणाला पटलं नाही तर कुठल्या ओळीशी भांडायचं ते ठाऊक होतं. मला त्या अहवालाचा हाच गुण सगळ्यांत मोठा वाटतो.

खरी गंमत पुढे होती. ताईला वाटा विकला म्हणजे आम्हा बाकीच्यांना भांडवली नफ्यावरचा कर आला. घर २००१ च्या आधीचं असेल तर मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं. पूर्वी हे वर्ष १९८१ होतं, २०१७ च्या अर्थसंकल्पाने ते पुढे आणलं. २०२० पासून आणखी एक अट आली. त्या दिवशीच्या सरकारी दराने निघणाऱ्या किमतीच्या वर हे मूल्य धरता येत नाही. त्या तारखेला आमचं राज्य बरोबर पाच महिन्यांचं होतं. राजधानी झाल्याने भाव उठू लागले होते, पण वहीत ते नुकते कुठे उमटत होते. त्या वर्षीच्या दरांचं पान मूल्यांकनकारांनी जुन्या दप्तरातून शोधून काढलं. जमिनीचं काम झालं. मग त्यांनी आमच्याकडे पाहून विचारलं, त्या दिवशी हे घर कसं होतं? किती खोल्यांवर कवेलू होती, किती खोल्यांवर स्लॅब?

हे कुठल्याही फोनमध्ये नव्हतं. हे होतं फक्त आमच्या डोक्यांत, आणि तेही तुकड्या-तुकड्याने. त्या रात्री गटावर सगळे जागे. नागपूर, पुणे, भिलाई, सिएटल. शेवटचं कवेलू फेरणं कोणत्या साली झालं? मोठे काका गेले तेव्हा देह ओसरीवर ठेवला होता, तेव्हा वर कवेलू होती की नाही? काकू म्हणाली, होती, कारण पाऊस पडत होता आणि आम्ही बादली लावली होती. मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला तो भिलाईच्या वहिनीच्या डोहाळजेवणाच्या आधी. मग ते बाळ किती साली जन्मलं? बाळाने स्वतःच, आता तिशीला आलेल्या, आपली जन्मतारीख टाकली. आम्ही इतकी वर्षं सणावारी भेटत होतो, पण घराबद्दल असं सलग, खोलीमागून खोली, कधी बोललोच नव्हतो.

शेवटी पुरावा निघाला तो दादाच्या मुलाच्या मुंजीच्या अल्बममध्ये. मुंज माघातली, २००१ च्या फेब्रुवारीतली. पत्रिका अल्बममध्येच चिकटवलेली. एका फोटोत मातृभोजनाची पंगत आहे, आणि मागे मांडवाचा दोर बांधला आहे तो स्लॅबमधून वर आलेल्या लोखंडी सळयांना. वरचा मजला पुढेमागे बांधू म्हणून बाबांनी त्या सळया बाहेर ठेवल्या होत्या. मजला कधी झाला नाही. सळया गंजून आजही तशाच आहेत. मूल्यांकनकारांनी फोटो भिंगाखाली धरला, वर जाऊन सळया मोजल्या, खाली येऊन वहीत लिहिलं : मागील दोन खोल्या, आर. सी. सी., संबंधित तारखेपूर्वी पूर्ण. फोटोची प्रत आणि पत्रिका अहवालाला जोडली. पुढच्या चार खोल्या कवेलूच्या धरल्या, त्यांचं वय जास्त म्हणून घसारा जास्त.

अहवाल सगळ्यांनी वाचला. दादाने तो दोनदा वाचला, आणि वाट्यांची नवी रक्कम त्यानेच आधी लिहून पाठवली. ताईने निवृत्तीच्या पैशांतला काही भाग लगेच दिला, बाकी हप्त्याने देते आहे. लेख नोंदवून झाला, तहसिलीत नामांतरणाचा अर्ज पडून आहे. पट्ट्याच्या जागेचं नूतनीकरण वेगळं करावं लागणार, त्यासाठी ताईला अजून बरेच हेलपाटे घालायचे आहेत, आणि मी नव्या रायपुराहून तिच्यासोबत जाते.

एक मुद्दा मात्र राहिला. अंगणातली पक्की मोरी कधी बांधली, यावर घरात अजून एकमत नाही. दादा म्हणतो माझ्या लग्नाच्या आधी, माई काकू म्हणते नंतर, आणि दोघांकडेही फोटो नाही. मूल्यांकनकारांनी ती हिशेबात धरलीच नाही.